गेटपाशी सोडलेली माय

दक्षिण सुदानला शांतिसेनेत जायच्या आधी मला थोडी सुट्टी मिळाली होती. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी तेव्हा मृग बहराची संत्री तोडणं सुरू होतं. माय झाडाखाली बसून खराब फळं वेगळी काढत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "तिथं लढाई सुरू हाय का रे?"

"आमी लढाले नाही चाललो, माय. ते दोघं भांडून राहिले, त्याइच्या मधात उभं राहाचं हाय."

"मधात उभा राह्यते त्यालेच पयले लागते," ती म्हणाली. दोन दिवसांनी बडनेऱ्याहून गाडी पकडली.

दक्षिण सुदानला उतरलो तेव्हा भर दुपार होती. मला वाटलं होतं वाळवंट असेल. पायाखाली पाहिलं तर काळी माती, उन्हानं भेगाळलेली, थेट आपल्या वलगावकडच्या शेतासारखी. आमच्या तुकडीतला नायक हुद्द्याचा जवान मूर्तिजापूरचा. त्यानं बुटानं ढेकूळ फोडलं अन् म्हणाला, "अबे, इथं त कपाशी पेरता येते." आम्ही हसलो. मग गाडीतून तळाकडं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जळालेली घरं होती. मातीच्या गोल भिंती उभ्या, वर छप्पर नाही. एका घरापुढं बाज होती, चांगली शाबूत. तिच्यावर बसणारं कोणी नव्हतं.

आमच्या तळाला लागूनच तारेच्या कुंपणात हजारो माणसं राहत होती. गावं सोडून पळून आलेली, पांढऱ्या प्लास्टिकच्या झोपड्यांत. त्यांच्या गेटवर पहारा द्यायचा, हे आमचं काम. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, अशा मोहिमेवर आधी येऊन गेलेले. त्यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं, "माणूस कोणीही आत येईल. हत्यार येणार नाही. आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवा. तुम्ही घाई केलीत, की या भांडणात आपण तिसरे झालो."

सुरुवातीचे दिवस काहीच घडलं नाही, आणि तेच जड गेलं. मी आधी सीमेवर राहिलेला माणूस. तिथं समोर कोण आहे ते ठाऊक असायचं. इथं समोरून येणारा कोणत्या बाजूचा, हे तोंडावरून कळत नव्हतं. कुठं पत्रा वाजला तरी मान तिकडं वळायची. निळ्या हेल्मेटखाली घाम साचून डोळे चुरचुरायचे, पण पुसायला हात उचलायची भीती वाटायची.

मग एके सकाळी गावाच्या बाजूनं गोळीबार सुरू झाला. थोड्या वेळानं रस्त्यावर धूळ दिसली, आणि धुळीतून माणसं धावत आली. बाया, म्हातारे, डोक्यावर गाठोडी, कोणी चटई घेतलेली. नायक आणि मी गेटवर होतो. आमचा दुभाष्या, तिथलाच एक शिक्षक, गर्दीत पलीकडं अडकला. आम्ही खुणेनंच हात वर करायला लावत होतो, चाचपून एकेकाला आत सोडत होतो.

त्या गर्दीत एक उंच माणूस आला. पाठीवर त्यानं म्हातारी बांधून घेतली होती, आणि छातीवर रायफल लटकत होती.

माझी बंदूक आपोआप त्याच्यावर गेली. आजूबाजूच्या बाया ओरडत खाली बसल्या. मी जमिनीकडं बोट दाखवलं, तो हलला नाही. इंग्रजीतून ओरडलो, हिंदीतून ओरडलो. शेवटी नायकच गरजला, "ठेव ना बाप्पा खाली! आम्ही काय खाऊन राहिलो का तुले!"

वऱ्हाडी त्याला काय कळणार? पण तो खाली वाकला. रायफल नाही, त्यानं म्हातारीला खाली ठेवलं. तिच्या खांद्यावरचं कापड सारखं केलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझं बोट कुठं आहे हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्यानं आधी तिच्याकडं हात केला, मग माझ्याकडं. आणि पाठ फिरवून, रायफल तशीच धरून, धुळीत परत निघून गेला. म्हातारी मागून ओरडत राहिली. तो वळला नाही.

संध्याकाळी घरी फोन लागला.

"जेवला का?"

"हाव."

"मंग आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"ऊन लागलं, माय," मी म्हणालो.

म्हातारी काही आत झोपडीत जाईना. गेटच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून ती बसून राहिली. बाया तिला खायला आणून द्यायच्या. मी ड्युटीवर आलो की ती रस्ता सोडून माझ्याकडं बघायची. शेवटी मी दुभाष्याला विचारलं, ही काय म्हणते?

"ती म्हणते, माझ्या पोरावर बंदूक रोखली तो हाच."

"तिला सांगा, मी मारणार नव्हतो."

त्यानं ते सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला मात्र पुढचा सगळा पहारा एकच गोष्ट छळत होती. मी खरंच मारणार नव्हतो, हे मी कशाच्या जोरावर सांगितलं?

काही दिवसांनी, दुपारची वेळ. रस्त्यावरून एक माणूस एकटाच आला, लांबूनच हात वर केलेले. जवळ आला तेव्हा ओळखलं. रायफल नव्हती. एका कानाजवळ रक्त वाळलं होतं. नायकानं नेम धरला, झडती मी घेतली. काखा, कंबर, पोटऱ्या. शर्ट घामानं चिंब, बरगड्या हाताला लागत होत्या, आणि माझ्या पंजाखाली त्याचं काळीज धडधडत होतं. त्याच्याजवळ काही नव्हतं. मी बाजूला झालो.

म्हातारी उठली. आधी तिनं त्याच्या पाठीत दोन्ही मुठींनी बुक्क्या घातल्या. तो मान खाली घालून मार खात राहिला. मग तिनं त्याचा शर्ट घट्ट धरला, आणि तसाच धरून त्याला आत घेऊन निघाली. माझ्यापाशी थांबून ती काहीतरी बोलली.

मी दुभाष्याकडं पाहिलं.

"ती म्हणते, आता हे गेट लावून टाक."

गेट लावता येणार नव्हतं. रस्त्यावर आणखी माणसं दिसायला लागली होती. नायकानं पुढच्याला हात वर करायची खूण केली, आणि मी त्याची झडती घ्यायला पुढं झालो.