दम धरा

यवतमाळातल्या एका दवाखान्यात मी कामाला लागले तेव्हा ‘फिजिओथेरपी’ हा शब्द कोणाच्याच तोंडी बसत नव्हता. शिपाई मला ‘कसरतवाल्या बाई’ म्हणायचा, पैलवान ‘हड्डीवाल्या बाई’. मला दोन्ही चालायचं. हात चांगला होता माझा. उतरलेला खांदा, मुरगळलेला घोटा, हुतूतूत ओढली गेलेली मांडीची शीर. बोटं टेकवली की दुखणं कुठून सुरू होतं ते कळायचं. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

“बाई, वस्तादाचा मार परवडला, तुमचा अंगठा नाही परवडत!” एक पैलवान ओरडायचा.

मी म्हणायचे, “दम धर.”

ते माझे ठरलेले शब्द. छातीत दम कोंडायचा, पोट आवळायचं आणि मग रेतीची थैली उचलायची. आखाड्यातल्या गड्यांच्या कंबरा मी अशाच उभ्या केल्या होत्या.

साठ साल उलटून गेलं होतं. दारव्ह्याहून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने एक मास्तरीण आली. बावीस-तेवीस वर्षांची, घरी सहा महिन्यांचं बाळ. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली, त्यांच्या वस्तीतली पगार घेणारी पहिली बाई. शाळेत ती कवायत आणि हुतूतू शिकवायची, तेही मुलींबरोबर स्वतः खेळून. दिवाळीनंतर तालुक्याचे सामने होते. तोवर मैदानात उतरली नाही तर जागेवर दुसरी बाई घेऊ, असं हेडमास्तरांनी तिला सांगून टाकलं होतं.

“कंबर दुखते का?” मी विचारलं.

“कंबर बी दुखते.” तिने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “पन बाई, पळालं का अंग येते माह्यं.”

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट हसत हसत सांगत आले. मी मुंबईत शिकलेली, तिचं वऱ्हाडी मला समजलं नाही, ‘अंग येते’ म्हणजे अंग कसकसतं असं मला वाटलं. ऐकणारे हसायचे.

ते खोटं आहे. मला कळलं होतं. माझी आई शेजारणीबद्दल हेच शब्द वापरायची. बाळंतपणानंतर गर्भाशय खाली उतरतं, कधी बाहेर डोकावतं, त्याला बायका अंग येणं म्हणतात. पण त्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ‘मला येत नाही’ म्हणायची सवय नव्हती. मी कागदावर ‘कंबरदुखी’ लिहिलं आणि तिच्यापुढे रेतीची थैली ठेवली.

“दम धरा आणि उचला. रोज तीन वेळा.”

ती हुतूतूवाली. दम धरण्यात तिला हरवणारं कोणी नव्हतं. माझ्या पैलवानांपेक्षा तिने ते जास्त इमानाने केलं.

तीन आठवड्यांनी आली ती भिंत धरत. स्टूल दिलं तरी बसली नाही.

“तुमी सांगतलं तसंच करून राह्यली. आता चालताना बी बाहेरच असते. पयल्याच दिवशी सांगतलं होतं ना मी तुमाले?”

मी तिचा जुना कागद उघडला.

“मले शिवाचं नसन तर तसं म्हणा, बाई. आमाले सवय आहे. पन थैली काहून देल्ली?”

“तसं काही नाही हो,” मी म्हणाले. मला येत नाही याची ती लाज होती, तिची जात आड आली नव्हती, असंच मी स्वतःला सांगत आले. पण तिच्या जागी माझ्या नात्यातली बाई असती तर मी इतक्या चटकन कागद मिटला असता? नसता मिटला.

त्या दिवशी पडदा ओढला, हात धुतले. “मला यातलं येत नाही,” म्हणाले, “पण तुम्हाला बरं केल्याशिवाय सोडणार नाही.” बाळंतिणींकडे बघणाऱ्या वयस्कर नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी आधी मलाच झापलं, “अंगावर पिणारं पोर आहे हिचं, आखाड्यातला गडी समजलात का?” मग आतून आधार द्यायला रबरी कडी कशी बसवायची ते दाखवलं. कसरत आम्ही दोघींनी मिळून जुळवली. लघवी मध्येच थांबवताना आत जे ओढलं जातं तेवढंच ओढायचं, आणि ओढताना दम सोडायचा.

“हुतूतूवालीले दम सोडाले सांगता?” ती पहिल्यांदाच हसली. “दम सुटला का आमी बाद!”

दिवाळी जवळ आली. ती म्हणाली, “बाई, हेडमास्तरले एक चिठ्ठी द्या. दोन महिने थांबा म्हना. बाकी काही नको.”

मी लिहायला बसले. दोन महिने का, हे लिहायचं तर माझा उपचार चुकला हे लिहावं लागणार होतं. तालुक्यातले पैलवान माझं नाव घेऊन यायचे. मी लिहिलं, ‘प्रकृती अशक्त, श्रमाचं काम झेपणार नाही.’ तिने दोन्ही हातांनी चिठ्ठी घेतली आणि गाडी गाठली. त्या चिठ्ठीच्या आधारानेच तिची जागा गेली. संक्रांतीच्या सुमारास ती न थांबता धावू लागली होती, पण तोवर मैदानात दुसरी बाई शिट्टी वाजवत होती. “जाऊ द्या, बाई,” एवढंच ती म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि चिठ्ठी इंग्रजीत होती.

तेव्हापासून कापूस वेचणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, शाळेत खेळणाऱ्या कितीतरी जणी आल्या. कोणी ‘कंबर’ म्हटलं की मी दार लावते आणि आधी मीच विचारते, “अंग येते का?” या कामात माझ्याइतका हात बसलेलं माणूस जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. तो हात कोणाच्या अंगावर शिकून बसला, ते मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्या चिठ्ठीत लिहायचं होतं ते मराठीत इतकंच होतं: बाई ठणठणीत होणार आहे, चूक माझी आहे, जागा राखून ठेवा.