कानडी बा, मराठी बा

"बा," म्हणताना ते उजव्या हाताची बोटं छातीकडं ओढत. कानडीत 'बा' म्हणजे ये. अक्कलकोटकडचे हे एक वयस्कर विणकर आमच्या सोलापूरच्या गिरणीत सगळ्यांनाच असं बोलवायचे. सांगोल्याकडून आलेले नवे गडी हसायचे, "आमास्नी बा म्हनत्यात की हे!" त्यांच्याकडं बा म्हणजे बाप.

मी तिथं हजेरी कारकून होतो. तुमच्यापैकी कुणी मागांच्या खात्यात उभं राहिलं असेल, तर ठाऊक असेल, तिथल्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. 'बा' तर लांबूनही वाचता येतो. शेजारच्या मागावर त्यांचा तरुण मुलगा होता. आई मराठी, म्हणून तो बापाला 'बा' म्हणे. दिवसभर दोन मागांमध्ये त्या एका शब्दाची ये-जा चाले. मी चिडवलं, तर म्हणाले, "तेनं हाक मारायची, मी बोलवायचं. आनि काय पायजे?"

मुलाला एक गोष्ट जमत नसे. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा; त्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक बाहेर ओढावं लागतं. त्याला ठसका लागे. मग ते त्याला जवळ बोलावत, स्वतः ओढून दाखवत आणि तोच धोटा त्याच्या ओठांना लावत. त्यांना स्वतःला जुना खोकला होता.

मुलाच्या थुंकीतून रक्त पडू लागलं, तेव्हा दवाखान्यात मी सोबत गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. क्षय बापाकडूनच आला होता.

"एका भांड्यातून पाणी पिता का?"

"न्हाय हो सायेब. माजा तांब्या येगळा हाय. ताट येगळं. हातरून येगळं." हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "धोटा?"

मी ते रोज बघत होतो, पण माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी कुणालाही 'बा' म्हणून बोलावलं नाही. तारेचे बारीक आकडे वाकवून ते मागामागावर वाटत फिरू लागले. तोंड लावू नका, यानं सूत ओढा, असं खुणेनं सांगत. आकड्यानं वेळ जाई, कापड कमी भरे, मजुरी घटे. गडी आकडे मागाखाली टाकून देत. एकदा त्यांनी एकाच्या तोंडातून धोटा हिसकावला. खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, दखनी बोलणारा, मनानं चांगला होता. तो म्हणाला, "नक्को बा, घर कू जाव." दखनीत हा शब्द नुसता आपुलकीचा, कुणालाही लावतात. ते गेले, ते परत आले नाहीत.

त्यांच्या मागावर नवा विणकर आला. मी एक आकडा त्याच्या हातात दिला आणि कशासाठी ते समजावून सांगितलं. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, हसून खिशात टाकला, आणि त्यांचाच जुना धोटा तोंडाला लावला.