डोक्यावर पाटी, पायाखाली स्केटबोर्ड

पस्तिशीत मला स्केटबोर्डची हुक्की आली आणि नवशिक्यांच्या स्पर्धेत नावही देऊन बसलो. कामोठ्यात सोसायटीसमोरच्या उतारावर रोज सकाळी हेल्मेट, गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड अशा थाटात मी पडायचो. समोर मासळीची पाटी घेऊन एक मावशी बसायची. मी पडलो की तिचा कोयता थांबायचा आणि उठलो की पुन्हा चालू व्हायचा.

एकदा तिने विचारलं, "होडीत चढताना कंचा पाय पुढं टाकतोस?"

"मी होडीत कधी बसलोच नाही, मावशी."

"मंग इथं खाडीकाठी राहून केलास काय?" असं म्हणत तिने मला मागून ढकललं. माझा उजवा पाय पुढे पडला. "ह्योच पुढं ठेव. नि गुडघे सैल सोड, खांबावानी उभा राऊ नको."

त्या दिवशी मी पहिल्यांदा न पडता कोपऱ्यापर्यंत गेलो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, हे किती अवघड असतं ते तिलाही कळावं म्हणून मी बोर्ड तिच्यापुढे सरकवला. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती चढली, कोपऱ्यापर्यंत सरळ गेली आणि उतरली.

"होडी हालते, ह्यो तर जरा पन हालत नाय," ती म्हणाली. "नि ह्याला बक्षीस देतात?"

मी हेल्मेट काढून काखेत धरलं.