जोडीची परीक्षा

श्रावणी दक्षिणेच्या परीक्षेसाठी मी प्रथम पुण्यात आलो, तेव्हा भास्करशास्त्री परीक्षकांच्या ओळीत सर्वांत शेवटी बसत आणि उमेदवार सर्वांत जास्त त्यांनाच भीत. आज त्यांच्या साठीच्या शांतीला आपण सारी शिष्यमंडळी जमलो आहोत. ती भीती मला कशी लागली, ते सांगतो. पुरती गेली आहे असे मात्र म्हणवत नाही.

दक्षिणा म्हणजे श्रावणात रमण्याच्या आवारात जाऊन हात पसरायचा, ही माझी कोकणातली समजूत. शास्त्रीबुवांनी ती पहिल्याच भेटीत मोडली. "अहो, रमण्याच्या दारात सगळ्यांना मिळते ते दान. आपल्याला पुढे शिकायचे आहे ना? मग गुरूंची चिठ्ठी आणा. जेवढे पाठ आहे तेवढेच तीत लिहवा. आम्ही त्यातलेच कुठूनही विचारू, उत्तरांवरून दक्षिणेची प्रत ठरेल, आणि पुढच्या वर्षी प्रगती दिसली तरच वाढ. फुशारकी मारलीत, तर तीही आम्ही फार आवडीने ऐकतो." एक उमेदवार चार शास्त्रांची चिठ्ठी घेऊन आले होते. बुवांनी ती परत करून एकाच शास्त्राची आणवली आणि त्यात त्यांना वरची प्रत दिली.

वेदमंत्रांच्या घनपाठाची परीक्षा जोडीने होई. एकाने एक मंत्र म्हणायचा, पुढचा जोडीदाराने. माझा जोडीदार सदाशिव, एकाच गुरूंकडचा. तो खराडीला मामांकडे गेला होता आणि त्या सकाळी नदी उतरून येणार होता. आला नाही. वडील गेल्यापासून माझे अध्ययन या दक्षिणेवरच चालले होते. ती हुकली, की पोथ्या बांधून गावी परतायचे आणि लोकांच्या बागा राखायच्या, हे ठरलेले.

भर दुपारी आमची नावे पुकारली. मी एकटाच उभा राहिलो.

"जोडी नाही, परीक्षा नाही," कारकून म्हणाले. "चला, पुढचे."

शास्त्रीबुवांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिले. "आलेत की. बसा."

मला वाटले, थट्टा करतात. मी माझा मंत्र म्हटला आणि थांबलो. मांडवात शब्द नाही. बुवा मात्र मान हलवीत होते, बोटांवर स्वर धरीत होते. मध्येच त्यांनी कपाळाला आठी घातली आणि त्या रिकाम्या पाटाला म्हणाले, "सावकाश. दमलेले दिसता. पुन्हा म्हणा." मग मला खूण केली आणि मी पुढचा मंत्र घेतला. असेच चालले. मला काहीही ऐकू आले नाही, पण डावे अंग गार पडले होते, आणि त्या पाटाखालची सारवलेली जमीन हळूहळू भिजत होती. मी चुकलो नाही, कारण मला थांबायचीच भीती वाटत होती.

संध्याकाळी कळले, खराडीची होडी सकाळीच उलटली होती. सदाशिव सापडला तो प्रेत म्हणून.

कारकून अडून बसले, परीक्षेला माणूस एकच बसला. "मी दोघांचे ऐकले आहे," बुवा म्हणाले, "प्रत दोघांची." माझे अध्ययन वाचले. सदाशिवची दक्षिणा घेऊन बुवा स्वतः घाट उतरून कोकणात त्याच्या आईकडे गेले. माउलीने विचारले, शेवटी काय म्हणाला? बुवांनी तिच्यासमोर बसून त्याचे सारे मंत्र म्हणून दाखवले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हापासून दर श्रावणात बुवांपुढे तो पाट मांडला जातो, आणि पहिला प्रश्न त्या पाटाला असतो. गेल्या श्रावणात बुवा अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्यांच्या जागी मी बसलो. पाट मांडला, मंत्राची सुरुवात करून दिली, वाट पाहिली. लोक माझ्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी मी पुढचे उमेदवार बोलावले आणि परीक्षा आटोपताच बुवांकडे गेलो.

"या वर्षी तो आला नाही," मी म्हणालो.

"आले होते," बुवा म्हणाले. "तुम्हांला ऐकू येईना, म्हणून इकडे आले. आत्ताच मंत्र म्हणून गेले."

शास्त्रीबुवा, आपली प्रकृती आता सुधारली आहे, ही देवाची कृपा. आपण शंभरी पाहावी, आपले कान असेच तीक्ष्ण राहावेत, अशी सर्वांच्या वतीने प्रार्थना करतो. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थही आहे. आपल्यामागे सदाशिव माझ्याकडेच येईल. तो शेजारी बसून मंत्र म्हणेल, आणि मला ऐकू येणार नाही.