खिशातलं तेल

जपानी टीव्हीवरचा तो अजस्र वीर इमारतीएवढा होऊन राक्षसाशी झुंजायला उतरला, की आमचे चीफ हातातलं स्टॉपवॉच दाबत. मारामारीत त्यांना रस नव्हता. वीराच्या छातीवरचा दिवा कधी लुकलुकू लागतो आणि त्यानंतर तो किती वेळ तग धरतो, एवढंच ते एका जाड वहीत लिहीत.

नव्वदच्या दशकात जुईनगरला आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्या. गाव उरणकडचं, नोकरी मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनीअरची. रजेवर येताना इतर जहाजवाले परफ्यूम आणत; हे जपानी बंदरांतून व्हिडिओ कॅसेटी आणत. भाषा कळायची नाही. "डायलॉग कशाला पायजे, मास्तर? मशीन कळते ना," म्हणत. सोसायटी त्यांना चीफ म्हणे आणि ते दर वेळी दुरुस्त करत, "अजून सेकंड." चीफची परीक्षा ते कधीचेच पास झाले होते, कंपनी त्या हुद्द्यावर जहाज देत नव्हती.

वीरांची प्रतवारी ते इंधनावरून लावत. सूर्यावर चालणारा, पृथ्वीच्या मळक्या हवेत ज्याची शिदोरी भराभर संपते, तो सर्वांत प्रामाणिक. पोटात अणुभट्टी असलेला यंत्रमानव ठीक, पण "कूलिंग कुठं दाखवलंय याचं?" एक होता, त्याला शेवटी मुलांच्या विश्वासातून शक्ती मिळे. चीफनी कॅसेट तिथेच थांबवली. "लोकांच्या विश्वासावर इंजिन चालत नाय, मास्तर. इलेक्शन चालतं." मी शाळेत विज्ञान शिकवत असे. एवढ्या उंचीचा देह स्वतःच्या वजनानेच मोडेल, असं मी सांगून पाहिलं. "ते वर्गात ठेवा," ते म्हणाले.

सोसायटीच्या अध्यक्षांचं झेंडावंदनाचं भाषणही त्यांनी एकदा स्टॉपवॉचवर मोजलं. आकडा मला दाखवून हळूच म्हणाले, "यांच्या छातीवर दिवा नाय, हाच प्रॉब्लेम हाय."

एकदा मी विचारलं, टीव्हीवरचा हा गृहस्थ आपलं जालीम किरणास्त्र दिवा लुकलुकल्यावरच का काढतो? पहिल्या मिनिटाला काढलं तर निम्मं शहर वाचेल.

"दिवा खोटं बोलतो," चीफ म्हणाले. मग त्यांनी धंद्यातली गोष्ट सांगितली. जहाजावर रोज दुपारी किती तेल उरलं ते कॅप्टनला कळवावं लागतं. मुरलेला इंजिनीअर खरा आकडा कधीच देत नाही; थोडा कमीच सांगतो. उरलेलं तेल त्याच्या खिशात. वादळ आलं, बंदर लांबलं, तर हे न दाखवलेलं तेलच जहाज किनाऱ्याला लावतं. "हा पण तसलाच. लाल दिवा म्हणजे संपलं नाय. लाल दिवा म्हणजे, आता खिशातलं काढा."

वहीतल्या नोंदी त्यांच्या बाजूने होत्या. दिवा लुकलुकला म्हणून एकाही भागात वीर मेला नव्हता. मालिका पुढच्या आठवड्यातही चालवायची असते, हे कारण मी सुचवलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

शेवटच्या रजेत ते माझ्या दाराशी थांबू लागले. हातात पिशवी, कपाळावर घाम, डाव्या दंडावर उजवा हात. पेपरातलं काहीबाही विचारत, उत्तर ऐकत नसत. श्वास जागेवर आला की छाती काढून वरचा जिना चढत, कारण वर त्यांची बायको, आमच्या भाभी, दार उघडून उभ्या असत. मी दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. चीफ इंजिनीअर म्हणून जहाज. अट फक्त मेडिकलची.

"डॉक्टरला दम लागतो ते सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं तर आयुष्यभर सेकंड," ते म्हणाले. "खिशात आहे अजून, मास्तर. मला माझं मशीन म्हायत्ये. एक ट्रिप. मग येऊन तुमच्याबरोबर राक्षस बघत बसतो. भाभीला काय बोलू नका."

मी बरं म्हणालो. ते मेडिकल पास झाले. "आडवं झोपवून ईसीजीची पट्टी काढली. आडवा माणूस बरोबरच असतो," असं सांगून ते हसले. मीही हसलो. निघताना मी त्यांना पहिल्यांदाच खरोखरचे चीफ म्हणून हाक मारली आणि त्यांनी दुरुस्ती केली नाही.

सहा आठवड्यांनी ते इंजिनरूमच्या शिडीवर कोसळले. बंदर दोन दिवसांवर होतं. मयत विमानाने आलं, दफन गावी झालं. मी गेलो, रांगेत उभा राहिलो, मूठभर माती टाकली. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबलो. मग परतीची एसटी होती.

पुढच्या आठवड्यात भाभींनी मला वर बोलावलं. समोर चहा ठेवला. वही त्यांनी टीव्हीवरून हलवली नव्हती.

"मास्तर, तुमच्या मजल्यावरूनच यायचे ते रोज," त्या म्हणाल्या. "जिना चढताना कधी दम लागायचा का त्यांना? तुमी बघितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग एकदमच झालं असेल."

"एकदमच," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.