जागा न व्यापणारी

"आदर्श वायू म्हणजे कसा असतो? हिच्यासारखा." सरांनी खडू माझ्याकडे रोखला. "मागच्या बेंचवर बघा. हिचं कोणाशी आकर्षण नाही, कोणाशी देणंघेणं नाही. वर्गात आहे की नाही तेही कळत नाही. जागाच व्यापत नाही!"

वर्ग हसला. पुढच्या बेंचवर सरांच्या ट्यूशनची मुलं बसतात. ती सगळ्यांत आधी हसली.

वर्ध्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे मी. नाचणगावहून रोज बसनं येते. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत जोड्या पाडल्या, तेव्हा माझ्या वाट्याला एक मुलगी आली. गोड बोलली. नाव विचारलं, मग आडनाव. मग म्हणाली, "म्हणजे जयभीमवाली हायेस का तू?" मी हो म्हटलं. लाजायचं काय त्यात? दुसऱ्या दिवशी तिनं जोडी बदलून घेतली. हेच सर मला म्हणाले, "तू एकटी कर. हुशार आहेस ना." तेव्हापासून एकटीच करते. ब्युरेटची तोटी मीच फिरवायची, फ्लास्क मीच हलवायचा, रीडिंगही मीच लिहायचं.

आई डब्यात दोन पोळ्या जास्त घालते. "मैत्रिणीले देजो वं," म्हणते. त्या मी बसस्टँडवर बसून खाते. संध्याकाळी ती विचारते, "काऊन वं, चूप काऊन हायेस?"

"काई नाई, आई."

काय सांगू तिला? रडू येतं. पण भरल्या बसमध्ये रडायचं तरी कुठे.

त्या दिवशी हसणं ओसरलं आणि सर फळ्याकडे वळले. मी उभी राहिले.

"सर, असा वायू नसतोच."

"काय?"

"आदर्श वायू कुठेच नसतो. गणित सोपं व्हावं म्हणून आपण तो मानतो. खऱ्या वायूच्या रेणूंना आकारमान असतं. ते एकमेकांना ओढतात. दाब कमी असतो तोवर लक्षात येत नाही. दाबत गेलं की गणित चुकायला लागतं."

"पुस्तकात आहे ते. बस खाली."

"देणंघेणं नाही म्हणालात. जोडी मी मोडली नव्हती, सर."

जोडी बदलून घेतलेली ती मुलगी वहीत मान घालून बसली. सर म्हणाले, "हे विषय इथे काढायचे नाहीत." माझी चेष्टा मात्र इथेच चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बेंचवर बसले. शेजारची मुलगी बॅग उचलून मागे गेली. सबंध बेंचवर मी एकटी. कोणी येऊन पाठीवर हात ठेवला, असलं काही झालं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उठले नाही.

सोमवारी प्रॅक्टिकलच्या नव्या जोड्या पडणार आहेत. मी जोडीदार मागणार. "तू एकटी कर" म्हणाले, तर कारण विचारणार. सगळ्यांसमोर. आणि सर ते कारण स्वतःच्या तोंडानं बोलेपर्यंत मी ब्युरेटला हात लावणार नाही.