पोचल्याशिवाय सांगायचं नाही

विलास गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याच घरी होतो, त्याच्या कपाटातला कॉम्प्युटरचा एक सुटा भाग न्यायला आलेलो. त्याची बायको, सुमनवहिनी, चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आत्ताच फोन येऊन गेला. 'पोचलो गं' म्हणाले." तो इगतपुरीला एका भातगिरणीचा कॉम्प्युटर बघायला गेला होता. चहा संपायच्या आत दुसरा फोन आला, पोलिसांचा. गाडी घोटीच्या अलीकडेच झाडावर आदळली होती… गिरणीवाले तर अजून त्याची वाट बघत होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण वहिनी मला भेटल्या की एकच विचारतात, "भावजी, मग ते पोचले कुठे?"

विलासला ओळखणाऱ्यांना हा प्रश्न वेडगळ वाटणार नाही. कुठेही गेला तरी आधी बूट काढणार, मग घरी फोन करणार. वाटेत कुठवर आलास विचारलं तर गप्प. नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी नाशकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, तिथेही त्याचा हाच हेका. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यात निरोप्याचं काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्यात कॅश नावाची सोय असते : मजकूर तात्पुरता बाजूला ठेवायचा, 'लिहिलं' म्हणून कळवून टाकायचं, आणि खरं लिहायचं मागाहून. काम झपाट्यानं होतं, पण मधेच वीज गेली तर सगळं गेलं. विलास ही सोय दिसेल तिथे बंद करायचा. सटाण्याचा एक कांदा व्यापारी फार वैतागायचा, "भाऊ, हाई मशीन भलतं मंद शे!" विलास हसून म्हणायचा, "मंद आहे, खोटारडं नाही." डिस्कवरची एखादी जागा वाचता येईना, तर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा तो आकडाही तो भरमसाट ठेवायचा. ती टकटक ऐकून माझं डोकं उठायचं. घरच्या कॉम्प्युटरवर तर त्यानं ड्रायव्हरमध्ये एक बारीक शीळ बसवली होती. मजकूर खरोखर डिस्कवर उतरला की ती वाजायची, आणि ती ऐकून वहिनी जेवायची ताटं घ्यायच्या.

गेल्या रविवारी वहिनींना जुने फोटो हवे होते, म्हणून मी तो कॉम्प्युटर लावला. एका फोटोपाशी डिस्क अडली. टक… टक… टक…

"वहिनी, ही जागा मेलीय. आकडा कमी करतो, म्हणजे नाद सोडेल."

"राहू द्या. त्यांनी ठेवलाय ना तो?"

मी चिडलोच. इतके दिवस गिळलेलं बोलून गेलो. "अहो, त्यानं रस्त्यातूनच फोन केला असेल. तुम्हाला काळजी नको म्हणून."

"ते तसं कधीच करत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

टकटक थांबली. फोटो काही उघडला नाही. आणि शीळ वाजली.

मी नुसतं वाचत होतो, लिहायला काहीच दिलं नव्हतं. शोधलं तर कारण सापडेलही. मी शोधलेलं नाही. भीती वाटली, आणि खरं सांगतो, आनंदही झाला. वहिनी उठून आत गेल्या. कॉम्प्युटर बंद करायला माझा हात धजेना. स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला… किती मांडली, ते बघायला मी आत गेलो नाही.